फ्रेंच घरातील पहिले महिने

संपादकमहाशयांनी यंदाच्या वार्षिकासाठी 'परदेशातील शिक्षणाविषयी काही माहितीपर' लिहून द्यावे अशी सूचना केली, ती शिरसावंद्य मानून हा लेख लिहीत आहे. तथापि कोणत्या विद्यापीठात कोणता विषय शिकवितात, प्रवेशाची मुदत केव्हा संपते, शिष्यवृत्ती किती मिळते, ही माहिती आजच्या विद्यार्थ्यांस माझ्याहून अधिक असते. ती येथे पुनः सांगण्यात अर्थ नाही. जी गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते, आणि जिच्या अज्ञानामुळे पहिले तीन महिने फार जड जातात, ती म्हणजे परक्या घरातील वास्तव्य. परदेशी गेलेला विद्यार्थी दिवसाचे चार-पाच तास वर्गात असतो. उरलेला वेळ तो कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी टेबलाशी, कोणाच्या तरी रीतिभातींत घालवीत असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे भाषा तेथेच येते, किंवा तेथेच अडते.

फ्रान्सला जाणाऱ्या गोंदियाच्या विद्यार्थ्याने प्रथम ज्यांचे स्मरण करावे असे एक गृहस्थ होऊन गेले. सुप्रसिद्ध चित्रकार सैयद हैदर रझा हे नागपूरची चित्रशाळा आणि मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट यांच्या मधल्या काळात काही दिवस आपल्या गोंदियास चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस होते. पुढे मुंबईस त्यांचे नाव होऊ लागले. १९४८ साली ते काश्मिरात चित्रे काढीत असता श्रीनगरास त्यांची व आन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराची गाठ पडली. त्याने चित्रे पाहिली आणि स्पष्ट सांगितले की, अंगी गुण आहे, परंतु चित्रांत बांधणी नाही. सेझानच्या चित्रांचा अभ्यास करा. अशा बोलण्याने एखादा तरुण रागावला असता, एखादा खचला असता. रझांनी काय केले? ते मुंबईच्या 'आलियाँस फ्रान्सेझ' या संस्थेत जाऊन फ्रेंच भाषा शिकू लागले. त्यानंतर फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये ते पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेसाठी फ्रान्सला गेले.

भाषा अगोदर आणि प्रवास मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मी तो क्रम पाळला असे मला वाटत होते. नागपुरास मी फ्रेंचच्या परीक्षा दिल्या होत्या, गुणही बरे मिळाले होते, आणि क्रियापदांची सर्व रूपे मला मुखोद्गत होती. त्या बळावर मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि पुढे विमानाने फ्रान्स. माझी भाषा पुस्तकातली होती, घरातली नव्हती, हे पहिल्याच संध्याकाळी कळून आले.

लुआर नदीच्या काठी, पॅरिसच्या नैऋत्येस सुमारे २४० किलोमीटरांवर, तूर नावाचे शहर आहे. कादंबरीकार बाल्झाक यांचा जन्म १७९९ साली तेथलाच. तेथे एका कुटुंबात राहून मला एक वर्ष शिकावयाचे होते. घरात यजमान, यजमानीणबाई, त्यांचा शाळकरी मुलगा आणि यजमानांची वृद्ध आई, अशी चार माणसे. गावाचे नाव सांगताच आमच्या घरी सर्वांस वरणाची डाळ आठवली, आणि तिरोड्याकडील माझ्या आजीने तर 'निदान उपाशी तरी राहणार नाहीस' असे म्हणून समाधान मानले.

पहिल्याच रात्री मी उपाशी राहिलो.

घडले ते असे. यजमानीणबाईंनी पहिला पदार्थ माझ्यापुढे करून 'घेणार ना?' असे विचारले. मी अतिशय नम्रतेने 'मेर्सी' म्हणालो. 'मेर्सी' म्हणजे आभार, हे कोणतेही पहिले पुस्तक सांगते. भांडे पुढे गेले. दुसरा पदार्थ आला. मी पुनः अधिकच नम्रतेने 'मेर्सी' म्हणालो. तोही पुढे गेला. ही काय रीत, हे मला समजेना. पुस्तकाने जे सांगितले नव्हते ते असे की, कोणी काही देऊ केले असता नुसते 'मेर्सी' म्हणणे म्हणजे 'नको, आभारी आहे' असे म्हणणे होय. हवे असेल तर 'उई' म्हणून पुढे 'सिल व्हू प्ले', म्हणजे 'कृपया', असे जोडावे लागते. आता आपल्याकडील पद्धत पहा. आपण 'नको' म्हणतो तेव्हा ते 'नको' कोणीही खरे धरीत नाही. वाढणारी 'घ्या हो, एवढ्याने काय होते' असे म्हणून वाढतेच, आणि दोन वेळा नको म्हटल्यावाचून घेणारा पाहुणा आपल्यास थोडा हावरट वाटतो. फ्रेंच घरात हा आग्रह नाही. पाहुण्याने नाही म्हटले की त्याचे म्हणणे खरे मानणे, हाच तेथे पाहुण्याचा मान. आग्रह होईल म्हणून मी थांबलो, आणि माझा नकार मोडू नये म्हणून त्या थांबल्या.

राहिला पाव. माझ्या वाट्याचा तुकडा ताटलीत नव्हे, तर ताटलीशेजारी टेबलावरच ठेवलेला होता. तो चुकून खाली पडला असावा अशा समजुतीने मी त्यास हात लावला नाही. वास्तविक तेथे पाव टेबलावरच ठेवतात. रोजच्या जेवणात त्याला निराळी ताटली नसते. त्या रात्री खोलीत जाऊन मी आईने दिलेल्या शंकरपाळ्यांवर भूक भागविली. दोन महिन्यांनी, बोलण्याइतकी भाषा आल्यावर, यजमानीणबाईंनी मला सांगितले की, त्या रात्री त्यांनाही झोप लागली नव्हती. मुलास आपल्या हातचे काहीच रुचत नाही, आता वर्षभर याला काय घालावे, या विवंचनेत त्या होत्या. एका शब्दापायी एकाच छपराखाली दोन माणसे रात्रभर कष्टी होती.

दुसऱ्या दिवशीचा माझा अपराध याहून मोठा निघाला. सकाळी उठून मी कोणाशी न बोलता स्नानगृहाकडे गेलो. आपल्याकडे नमस्कार हा पाहुण्यांसाठी, वडीलधाऱ्यांसाठी व सणावारांसाठी असतो. रोज सकाळी उठून आईस नमस्कार करणारा मुलगा दिसला तर आई विचारील, 'आज परीक्षा आहे काय?' फ्रेंच घरात मात्र दिवसाच्या पहिल्या भेटीत प्रत्येकास 'बाँझूर' म्हणावेच लागते. घरच्यांस, शेजाऱ्यांस, बसच्या चालकास, पाववाल्या बाईस. दुकानात शिरताच 'बाँझूर मादाम' न म्हणता एकदम 'एक पाव द्या' असे म्हणणारा गिऱ्हाईक असभ्य ठरतो, मग पुढे त्याने कितीही 'कृपया' म्हणो. मी रागावलो आहे अशी घरात समजूत झाली होती. नातलग व स्नेही एकमेकांच्या गालाला गाल लावून जे अभिवादन करतात त्याविषयी अधिक लिहीत नाही. किती वेळा व कोणत्या बाजूने आरंभ, हे प्रांताप्रांतागणिक बदलते, आणि नवख्याने हात पुढे करून हस्तांदोलन करावे हे उत्तम.

जेवणाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझी खरी शाळा तीच होती. आपले जेवण ताटात मांडलेले असते, तर त्यांचे जेवण वेळेत मांडलेले असते. आपल्या पानात वरण, भात, भाजी, चटणी, गोड, सर्व एकाच वेळी असते. डाव्या-उजव्या बाजूंचा क्रम ठरलेला. तेथे प्रथम एखादी कच्ची भाजी किंवा सूप, ते संपल्यावर मुख्य पदार्थ, पुष्कळदा त्यानंतर हिरव्या पानांची कोशिंबीर, मग चीज, आणि शेवटी फळ अथवा गोड. एक उरकल्यावाचून दुसरे येत नाही. यामुळे रात्रीचे जेवण सहज एक तास चालते, आणि त्या तासाभरात सर्व माणसे समोरासमोर बसून बोलत असतात. नवख्यास यातून पळ काढता येत नाही. आपल्या घरी मुकाट्याने जेवणारा मुलगा गुणी समजला जातो. तेथे तो आजारी समजला जातो. हातांचीही एक गंमत आहे. इंग्रजी शिष्टाचाराच्या पुस्तकांत, खात नसता हात मांडीवर ठेवावेत असे मी वाचले होते. फ्रेंच आजीबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ते दोन्ही मनगटांपर्यंत टेबलावर ठेवावयास लावले. आणखी एकदा मी आणलेला पाव पालथा ठेवला, तो त्यांनी न बोलता उचलून सुलटा केला. पालथा पाव घरास अशुभ, अशी तेथील जुनी समजूत आहे. परदेशात सर्व काही नवे असते असे म्हणणाऱ्यांनी अशा आजीबाईंच्या शेजारी बसून पहावे.

आता भाषेविषयी. फ्रेंच शिकताना इंग्रजीवरून वाट काढण्याची आपणांस सवय असते, आणि तेथेच आपण फसतो, कारण काही बाबतींत मराठीची वाट जवळची आहे. इंग्रजीत 'यू' हा एकच शब्द. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू' असे दोन, म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रज विद्यार्थी हा भेद नियम पाठ करून शिकतो. आपण तो आईच्या मांडीवर शिकलेले असतो. वस्तूंना लिंग असते हेही इंग्रजाला नवल. आपल्याकडे तर दोन नव्हे, तीन लिंगे आहेत. अर्थात येथे एक खड्डाही आहे. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपले घर नपुंसकलिंगी, त्यांचे स्त्रीलिंगी. जे आपल्यास स्वाभाविक वाटते ते तेथे चुकते.

अंकांनी मात्र मला रडकुंडीस आणले. फ्रेंचमध्ये सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीला 'चार-वीस', आणि नव्वदला 'चार-वीस-दहा'. दुकानदार 'चार-वीस-सतरा' म्हणाला की मी मनात गुणाकार व बेरीज करीत उभा, आणि मागे माणसांची रांग. फोनवर ही तक्रार आजीपाशी केली. ती हसली आणि म्हणाली, 'त्यात काय अवघड? चार विसा आन् दहा.' माझी आजी शाळेत गेलेली नाही. अंडी, आंबे, गोवऱ्या ती जन्मभर विसांनी मोजीत आली. जे मला पदवी घेऊन कळेना ते तिला एका क्षणात कळले. त्या दिवसापासून मी फ्रेंच अंक आजीच्या पद्धतीने मोजू लागलो आणि अडचण संपली. लेखनातील एक लहानशी बाब येथेच सांगून ठेवतो: फ्रेंच लोक इंग्रजी अंकांतील एक लिहिताना त्याला पुढे लांब नाक काढतात, त्यामुळे तो आपल्यास सातासारखा दिसतो, आणि खऱ्या साताच्या पोटातून आडवी रेघ काढतात.

या सर्व गंमतीच्या गोष्टी झाल्या. जी गोष्ट गंमतीची नाही ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, आणि तिच्याविषयी जाणाऱ्या मुलांस कोणी सावध करीत नाही. घरी मी बोलका. मित्रमंडळींत विनोद करणारा. तेथे मी मुका झालो. समोर चाललेले बोलणे निम्मे कळे. उत्तर मनात जुळवीपर्यंत विषय पुढे गेलेला असे. दहा वर्षांचा मुलगा माझ्या चुका सुधारी. हळूहळू अशी शंका येऊ लागे की, आपण खरोखरच मंदबुद्धीचे आहो की काय, आणि मराठीतला तो हुशार मुलगा कोणी निराळाच होता. घरी फोनवर मी 'सर्व उत्तम' असे सांगत असे. नोव्हेंबरात दिवस लहान होतात, संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार पडतो, घरोघरच्या खिडक्यांची लाकडी झडपे बंद होतात, आणि रस्त्यावर कोणाच्या घरातला उजेडही दिसत नाही. त्या दिवसांत परत निघून जाण्याचा विचार मी दोन वेळा केला, हे येथे प्रामाणिकपणे लिहितो.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आठवे. त्यांचे यजमान अमेरिकन होते, फ्रेंच नव्हते. परंतु परक्या घरी राहून शिकणारी मराठी विद्यार्थिनी म्हणून त्यांचे स्थान पहिले आहे. त्यांच्या शिक्षणाविषयी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते वाचले आणि आनंदीबाईंस पत्र लिहिले. पुढे कित्येक दिवस दोघींचा पत्रव्यवहार चालला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांनी कार्पेंटरबाईंच्या घरी काढला. त्या बाईंना त्या 'मावशी' म्हणत. आपल्या भाषेचे हे मोठे सामर्थ्य आहे. अनोळखी माणसास एक नाते देऊन टाकले की निम्मा संकोच जातो. फ्रेंचमध्ये ही सोय नाही. यजमानीणबाईंना 'मावशी' म्हणावे असे मला फार वाटे, पण तेथे ते चमत्कारिक दिसले असते. माझ्यासाठी त्या 'मादाम' होत्या आणि 'व्हू' होत्या.

माझी कोंडी फुटली ती भाताने. त्या घरी भात करताना तो पुष्कळशा मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतून देत. एके दिवशी ते पाणी ओतले जाताना पाहून मी नकळत मोठ्याने 'नाही, नाही' म्हणालो. सर्वांनी वळून पाहिले. तेव्हा मला सांगणे भाग पडले की, माझा जिल्हा धानाचा. आमच्या खेड्यांत भाताच्या पाण्याला पेज म्हणतात, ती मीठ घालून पितात, आजाऱ्याला देतात, ती कोणी टाकीत नाही. पुढच्या रविवारी स्वयंपाक मी करावा असे ठरले. तूर गावातील नेहमीच्या दुकानांत तुरीची डाळ मिळाली नाही, मसुरीवर भागविले. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि तांदळाची खीर एवढाच बेत होता. खीर मात्र त्यांच्या ओळखीची निघाली, कारण दुधात शिजविलेला गोड भात तेही करतात, फक्त थंड खातात.

त्या दिवशी शेजारच्या एक बाई जेवावयास होत्या. गोंदिया कोठे आहे हे मी कागदावर नकाशा काढून दाखविले. त्या बाईंना रझांचे नाव ठाऊक होते, त्यांची चित्रेही त्यांनी पाहिली होती. हे चित्रकार एके काळी माझ्या गावी शाळेतील मुलांस चित्रकला शिकवीत होते, असे मी सांगितले तेव्हा प्रश्नांवर प्रश्न येऊ लागले. गाव कसे आहे? जंगल किती दूर? तेथील माती कोणत्या रंगाची? मी उत्तरे देत राहिलो. वैनगंगेविषयी सांगितले, नवेगावच्या तळ्याविषयी सांगितले, धानाच्या बांध्यांत चिखल कसा करतात ते हाताने करून दाखविले. पाऊण तास झाल्यावर माझ्या लक्षात आले की, मी फ्रेंच बोलत आहे. चुका पुष्कळ झाल्या असतील. त्या दिवशी कोणी मोजल्या नाहीत. भांडी आवरताना यजमानीणबाई म्हणाल्या, 'आता तू मला त्यू म्हटलेस तरी चालेल.' फ्रेंचमध्ये असे सांगणे म्हणजे घराचे दार उघडणे होय, आणि ते वडील माणसानेच उघडावयाचे असते. धाकट्याने आपण होऊन ढकलावयाचे नसते.

रझांच्या बाबतीत ते दार कसे उघडले हेही सांगून ठेवतो. ते फ्रान्सला गेले तेव्हा येथे त्यांचे घर असे उरलेले नव्हते. आईबाप निवर्तले होते. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, हे एकटे भारतात राहिले. फ्रान्समधील आरंभीच्या वर्षांत त्यांनी तेथील गावांची चित्रे काढली. त्यांत एकास एक चिकटलेली घरे आहेत, छपरे आहेत, परंतु माणूस बहुधा नाही. चित्रकलेतील जाणकार याची कारणे निराळी देतील. मला मात्र ती चित्रे पाहताना झडपे बंद केलेल्या रस्त्यावरून खोलीकडे परतणारा विद्यार्थी दिसतो. १९५६ साली तेथील समीक्षकांचे 'प्री द ला क्रितिक' हे मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले. फ्रेंच नसलेल्या चित्रकारास ते प्रथमच मिळत होते. कलाशाळेत त्यांच्याबरोबर जानीन मोंजिला नावाची विद्यार्थिनी होती. १९५९ साली दोघांचा विवाह झाला. मुलीला घेऊन फ्रान्स सोडून जाऊ नये, अशी जानीनच्या आईची विनंती होती. रझांनी ती मानली आणि साठ वर्षे ते फ्रान्समध्येच राहिले. नागरिकत्व मात्र त्यांनी अखेरपर्यंत भारताचेच ठेवले. २००२ साली पत्नी वारल्या. २०१० च्या अखेरीस ते भारतात परत आले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. आनंदीबाई स्वदेशी येऊन २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यू यॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे, ठेवल्या आहेत.

माझ्या यजमानीणबाईंचे पत्र दर नाताळात येते. पत्ता त्या स्वतःच्या हाताने लिहितात. पिनकोडमधील प्रत्येक एकाला लांब नाक असते, आणि पोस्टमन दर वर्षी मला विचारतो, 'हे सात आहेत का एक?'